चौथा चौकोन

ह्या खेळाला काही लागत नाही, असं मी
एकवीस वर्षं पालकांना सांगत आले.
दोन खांब, थोडी माती, आणि पाठ.
बॅट नको, जाळं नको,
चेंडू हरवायची भीती नको.
रामबागेमागच्या मैदानावर पाणी मारलं
की झाला खेळ तयार.

आता माझी हजेरीची वही बघा.
डावीकडे नावं.
उजवीकडे मी केव्हा लिहायला लागले, आठवत नाही.
आयुषी घाटगे : मॅजिकवाला दहाचे पंधरा घेतो. फक्त सोम, गुरू.
तबस्सुम : बूट. अंगठ्याशी उघडलेत.
खुशबू यादव : अंडी बंद केली घरात. चक्कर येते.
ज्योत्स्ना मुंगरे : सहा महिन्यांची फी बाकी.
मी मागितली नाही.
तरी येत नाही.
ह्या शेवटच्या ओळीपाशी मला फार वेळ लागला.
न मागितलेली फीसुद्धा
पोरीला फाटकातून परत पाठवते.

घराघरांत कुणीतरी कुणालातरी खो देतंय.
गॅसने तेलाला दिला, तेलाने दुधाला,
दुधाने कोचिंगच्या हप्त्याला,
आणि रांगेत सगळ्यात शेवटी जे गुपचूप बसलेलं असतं,
ज्याच्या पाठीवर थाप पडते
आणि ज्याला उठून जावंच लागतं,
ते म्हणजे संध्याकाळचे साडेपाच ते सात.

मी तरी कुठे वेगळी आहे.
स्कूटी विकलेली नाही, नुसती चालवत नाही.
लोकमान्य नगरातून पायी येते
आणि मुलींना सांगते, माझा वॉर्म-अप झाला ग.
त्या हसतात.
हिशोब त्यांनाही येतो.

मंगळवारी नऊ जणी आल्या.
तिघी पळायला, एक पाठलागाला,
राहिल्या पाच, आणि चौकोन आठ.
तीन चौकोनांत आम्ही चपला ठेवल्या.
पलक चपलेला खो देते,
मग चपलेच्या वतीने स्वतःच पुढे धावते.
पंच म्हणून मी हे चालवून घेते.

तेवढ्यात ज्योत्स्नाची आई आली,
दोन्ही खांद्यांवर डब्यांच्या पिशव्या,
पलासियाच्या हॉस्टेलवर बावीस पोचवायचे.
"पोळ्यांना तीच असते आता माझ्यासोबत," म्हणाली,
"नाव कापून टाका."
नीपॅड परत केले, धुऊन, घडी घालून.
मग पिशव्या खाली ठेवल्या,
दोन मिनिटं टेकते म्हणाली, आणि टेकली
चप्पल बाजूला सारून चौथ्या चौकोनात,
मांडी घालून,
तोंड चुकीच्या बाजूला.

पलक वेगात होती. हाताला सवय.
पाठीवर थाप. "खो!"

आणि बाई उठली.
ओढणी कमरेला, पाय अनवाणी,
सरळ खांबाकडे, खांबाला हात लावून पलीकडून परत.
मधे एकदाही वळली नाही.
धावायला लागलं की खांबाआधी मागे फिरायचं नसतं,
हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.
कुठली शाळा, कितवी इयत्ता,
तिचं नाव कुणी कापलं होतं वहीतून,
विचारणार होते मी.
तिने नूपुरला खांबाशी गाठलं,
धापा टाकत हसली,
पोरी ओरडत होत्या,
तेवढ्यात पिशव्यांकडे लक्ष गेलं.
"वरण गार होतंय," म्हणाली.

गेली.
जाताना चप्पल चौकोनात परत ठेवून गेली,
टोक बरोबर दिशेला करून.

मी ज्योत्स्नाचं नाव कापलं नाही.
त्याच्या खाली लिहिलं :
मंदाकिनी मुंगरे. हजर. दीड मिनिट.
फीच्या रकान्यावर पेन ठेवून
बराच वेळ बसले,
मग अंधार पडला,
मैदानावरचा दिवा महिनाभर बंद आहे,
बिल कुणी भरायचं ते ठरलेलं नाही.